हे लिखाण कोणत्या प्रकारचं आहे? वाचनाचा पहिला प्रश्न

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सैन्यातलं जीवन यांवर बोलतो. आजचा विषय शाळेतला आहे. मुलांना वाचता येतं, पण वाचलेलं समजत नाही, ही तक्रार पुण्या-नागपुरातले पालक करतात, इंदूर-बडोद्यातले मराठी पालक करतात, आणि मी सध्या जिथे शिकवतो त्या उत्तर प्रदेशातल्या समथर गावातलेही करतात. यावरचा एक उपाय आज तुमच्यासमोर मांडतो. त्याला पैसे लागत नाहीत, वेगळं पुस्तक लागत नाही. फक्त वाचायला सुरुवात करण्याआधी दोन-तीन मिनिटं थांबायची सवय लागते.

आधी अडचण नेमकी कोणती ते पाहू. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. ही झाली अक्षरओळखीची अडचण. त्यासाठी २०२१ पासून निपुण भारत अभियान चालू आहे आणि तो आजचा विषय नाही. मी बोलणार आहे उरलेल्या निम्म्यांबद्दल. ही मुलं न अडखळता वाचतात, जोडाक्षरं व्यवस्थित म्हणतात. उतारा संपल्यावर विचारलं, "काय सांगितलंय यात?" तर शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतात. आठवी-नववीपर्यंत गाइडवर निभावतं. मग न पाहिलेला उतारा समोर येतो आणि गाडी थांबते.

नकाशाचा काठ आधी

सैन्यात आम्हाला नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा पहिल्या दिवशी नकाशाच्या मधल्या भागाकडे बघूच देत नाहीत. आधी काठ वाचायचा. मापनी काय आहे? उत्तर कुठे आहे? दोन समोच्च रेषांमध्ये किती मीटरचं अंतर आहे? सर्वेक्षण कोणत्या वर्षीचं आहे? खुणांचा तक्ता काय सांगतो? हे न पाहता जो थेट डोंगर शोधायला जातो, तो टेकडीला डोंगर समजतो आणि वीस वर्षांपूर्वी आटलेल्या नाल्यात पाणी शोधतो.

दुसरं उदाहरण लढाईच्या हुकुमाचं. आमच्या ऑपरेशन ऑर्डरला ठरलेले पाच भाग असतात. परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, प्रशासन व रसद, आणि शेवटी कमांड व सिग्नल. क्रम बदलत नाही. तोंडी हुकूम देताना उद्दिष्ट दोनदा सांगायची पद्धत आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात, दमलेल्या अवस्थेत ऐकणाऱ्या जवानालाही ठाऊक असतं की जेवण आणि दारूगोळ्याचं चौथ्या भागात येईल, आत्ता ते शोधायचं नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पाच कप्पे आधीच तयार असतात आणि माहिती आली की आपल्या कप्प्यात जाऊन बसते.

वाचनातही नेमकं हेच होतं. चांगला वाचक मजकूर हातात घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात कप्पे तयार असतात. ते दोन गोष्टींमुळे तयार होतात. एक, लेखनाचा प्रकार: ही बातमी आहे, कथा आहे, पत्र आहे, जाहिरात आहे की कायदा आहे? दुसरी, मजकुराची रचना: लेखक क्रमानं सांगतोय, कारण सांगतोय, तुलना करतोय की एखाद्या प्रश्नावर उपाय सुचवतोय? आपल्याला हे आपोआप कळतं, म्हणून मुलांनाही कळत असेल असं आपण धरून चालतो. पुष्कळ मुलांना ते कोणीतरी दाखवावं लागतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना दिली आणि नंतर आठवून सांगायला सांगितली. त्या वाचकांनी अनोळखी तपशील गाळले आणि गोष्टीला आपल्या ओळखीच्या गोष्टींचा आकार दिला. म्हणजे डोक्यात जो साचा असतो, त्यात बसेल तेवढंच आपण सहज धरून ठेवतो. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतल्या बॉनी मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या मुलांवर अभ्यास केला. ज्या मुलांनी लेखकाची मांडणी ओळखून तिच्या आधारानं आठवलं, त्यांना जास्त लक्षात राहिलं आणि मुख्य मुद्दाही त्यांच्याच हाती लागला.

समथरच्या मुलांना काय आधीच येत होतं

समथर हे झाशी जिल्ह्यातलं गाव. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागायचं आणि मोंठला आत वळायचं. इंग्रजांच्या काळात हे गुर्जर राजघराण्याचं छोटं संस्थान होतं आणि त्या काळाची खूण म्हणून गावात मोठा भुईकोट किल्ला उभा आहे. नोकरीत माझा काही काळ झाशीजवळच्या बबिना छावणीत गेला. निवृत्तीनंतर मी झाशीतच राहिलो. आठवड्यातून दोन दिवस समथरला आठवी ते दहावीच्या वीस-पंचवीस मुलामुलींचा वाचनवर्ग घेतो. मुलं घरी बुंदेली बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात.

या मुलांना लेखनप्रकार कळतात का, हे पाहायला मी धडा उघडला नाही. आल्हाबद्दल विचारलं. बुंदेलखंडात पावसाळ्यात ढोलकाच्या तालावर आल्हा गातात. महोब्याच्या आल्हा आणि ऊदल या भावांच्या लढायांची ती गाथा, आपल्या पोवाड्याच्या जवळची. त्यात एकेका वारात शत्रूची रांगच्या रांग आडवी होते. मी विचारलं, "एवढी माणसं खरंच पडली असतील?" सगळी हसली. एक जण म्हणाला, "सर, वो तो आल्हा है!"

त्या एका उत्तरात अख्खा विषय आला. आल्हा ऐकताना आकडे मोजायचे नसतात, वीररस घ्यायचा असतो, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं. गाण्याच्या बाबतीत त्याच्याकडे प्रकाराची जाण होती. छापील कागद समोर आला की मात्र त्याच्या लेखी सगळं एकच होतं, 'किताब में लिखा है'. कविता असो, अहवाल असो की कादंबरी, छापलं म्हणजे सारख्याच वजनाचं. आल्हा ऐकताना जी समज जागी होती ती छापील पानापर्यंत न्यायची, एवढंच काम होतं.

एक घटना, चार कागद

त्यासाठी मी झाशीचा १८५८ चा वेढा निवडला. एक तर तो इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. दुसरं, एकाच घटनेवर इतक्या वेगवेगळ्या प्रकारचं लेखन क्वचित मिळतं. आणि तिसरं, त्यातला एक महत्त्वाचा कागद आपल्या मराठीतला आहे.

घटना थोडक्यात अशी. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोझच्या फौजेनं झाशीला वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवा नदीजवळ पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. त्यानंतर राणी लक्ष्मीबाई रात्रीच्या अंधारात किल्ल्यातून बाहेर पडून भांडेरमार्गे काल्पीकडे गेल्या. भांडेर समथरपासून वीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे ती वाट मुलांच्या पायाखालची.

यावरचे चार उतारे मी मुलांना दिले, पण वर लेखकाचं नाव किंवा पुस्तकाचं नाव दिलं नाही.

पहिला उतारा रोझच्या अधिकृत लष्करी अहवालातला, हिंदीत करून दिलेला. त्यात तोफा कुठे मांडल्या, तटाला कुठे खिंडार पडलं, कोणती तुकडी कुठून चढली, किती मेले, किती जखमी झाले. दुसरा विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधला. अमृतलाल नागर यांनी त्याचा 'आँखों देखा गदर' हा हिंदी अनुवाद केला आहे, तो इथे उपयोगी पडला. तिसरा वृंदावनलाल वर्मांच्या 'झाँसी की रानी' या १९४६ च्या कादंबरीतला. वर्मा हे याच जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचे. चौथी सुभद्राकुमारी चौहान यांची कविता, जी मुलांना पाठच होती.

फळ्यावर चार रकाने आखले आणि प्रत्येक कागदाला तेच प्रश्न विचारले. हे कोणी लिहिलं असेल? कधी? कोणासाठी? कशासाठी? त्यामुळे यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही?

अहवाल मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटला. पण त्यांनी बरोबर ओळखलं की हा वरच्या साहेबाला लिहिलेला आहे. शेवटी अमुक अधिकाऱ्यानं चांगलं काम केलं, तमुक जवानानं शौर्य दाखवलं, अशी नावं येतात. सैन्यातल्या अहवालात ती येतातच, कारण त्यावरून पदकं आणि बढत्या ठरतात. एका मुलीनं विचारलं, "सर, यात शहरातले लोक कुठे आहेत?" ते फारसे नव्हतेच. अहवाल लिहिणाऱ्याचा तो प्रश्नच नव्हता.

शहरातले लोक सापडले विष्णुभटांकडे. हे पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरच्या कर्जापायी १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे दक्षिणा मिळवायला निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या वेळी ते झाशीत होते. रात्री येणारे तोफेचे गोळे, आग, जीव मुठीत धरून लपून काढलेले दिवस, शहराची लूट, हे त्यांनी पाहिलेलं आहे. तोफेची जागा त्यांच्याकडे विचारू नका, ती रोझकडे मिळेल. गल्लीत काय झालं ते विष्णुभटांकडे मिळेल.

पण इथेही प्रकार ओळखावा लागतो. 'माझा प्रवास' म्हणजे त्या दिवसात रोज रात्री लिहिलेली डायरी नव्हे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी ते सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची आणि राणींची भेट झाली, तो प्रसंग मुलांना फार आवडला. त्यावर एक मुलगी म्हणाली, "काय सर, पचीस साल बाद एक-एक बात कैसें याद रई?" पुढे वर्गात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मुलांनीच ठरवलं: भेट झाली हे मानायला हरकत नाही, कारण असा दिवस माणूस विसरत नाही. बोलण्यातले शब्द मात्र आठवणीतले आहेत असं समजून वाचावं. माझ्या मते आठवणवजा लेखन वाचायची याहून चांगली रीत नाही.

कादंबरीचा उतारा वाचताना एका मुलानं बोट ठेवलं. राणी एकटीच विचार करत आहेत आणि मनात काय चाललंय ते लिहिलंय. त्यानं विचारलं, "जब वहाँ कोई था ही नहीं, तो सुना किसने?" मी त्याला म्हटलं, शाबास, हीच कादंबरीची खूण. अहवाल लिहिणारा दुसऱ्याच्या मनात शिरू शकत नाही, प्रवासी शिरू शकत नाही, कादंबरीकार शिरतो. तो त्याचा हक्क आहे आणि म्हणूनच कादंबरी वाचल्यावर राणी आपल्याला माणूस म्हणून जवळच्या वाटतात. फक्त कादंबरीतलं वाक्य 'राणी असं म्हणाल्या' असा पुरावा म्हणून पुढे करायचं नाही.

कवितेवर कोणीच शंका काढली नाही, कारण ती मुलांना आल्ह्याच्या घरची वाटली. कवितेतच हरबोल्यांकडून ऐकलेली कथा असल्याचा उल्लेख आहे, म्हणजे आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे कवयित्रीनंच सांगून टाकलं आहे.

मग मी विचारलं, यातलं खरं कोणतं? सुरुवातीला हात वर आले, कोणी म्हणे अहवाल, कोणी म्हणे कादंबरी. तासाच्या शेवटी उत्तर बदललं होतं. कोणत्या प्रश्नासाठी कोणता कागद, असं मुलं बोलू लागली. राणींच्या मृत्यूची तारीख कुठे १७ जून तर कुठे १८ जून १८५८ अशी सापडते. ती ठरवायची तर कविता उघडून उपयोग नाही. आणि इथल्या माणसांच्या मनात राणी कोण आहेत हे कळून घ्यायचं तर रोझचा अहवाल उघडून उपयोग नाही.

झाशी देणार नाही, हे राणींचं वाक्य आपण नेहमी तलवार उपसलेल्या चित्राखाली पाहतो. ते आपल्यापर्यंत आलं आहे जॉन लँग या वकिलाच्या १८५९ च्या प्रवासवर्णनपर पुस्तकातून. ही भेट १८५४ मधली. संस्थान खालसा केल्याविरुद्ध दाद कशी मागायची, या सल्लामसलतीतलं ते वाक्य. म्हणजे रणांगणावरची घोषणा नव्हे, कायदेशीर लढाईतला निर्धार. मूळ लेखनप्रकार कळला की राणींचं आणखी एक रूप दिसतं: अर्ज-विनंत्या करणारी, वकील नेमणारी राज्यकर्ती.

आपल्या घरातली उदाहरणं

मराठी वाचकाला यासाठी झाशीला जायची गरज नाही. सिंहगड घ्या. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी गड घेतला. यशवंती घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात येते. घोरपड खरी की खोटी यावर घराघरांत वाद होतात आणि कधी कधी ते हमरीतुमरीवर जातात. पोवाडा हा पोवाडा म्हणून ऐकला, बखर ही बखर म्हणून वाचली आणि समकालीन पत्र हे पत्र म्हणून वाचलं, तर निम्मे वाद जागीच मिटतील. पोवाड्याचा मान कमी होत नाही आणि इतिहासाचंही नुकसान होत नाही.

थोडं पुढच्या वाचकांसाठी एक गोष्ट. 'माझा प्रवास' पहिल्यांदा १९०७ मध्ये वैद्यांनी प्रसिद्ध केलं, पण मूळ लेखनावर त्यांनी संपादकाचा हात बराच फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. म्हणजे नाव एक, मजकूर दोन. पुस्तकाचं पहिलं-दुसरं पान वाचायची सवय का लावायची, ते यावरून कळेल. तो पुस्तकाच्या नकाशाचा काठ आहे.

रचना ओळखायची पाच चित्रं

आता दुसरी बाजू, मजकुराची रचना. विज्ञान-भूगोलाच्या धड्यात ही जास्त कामी येते. मी मुलांना पाच चित्रं दिली आहेत.

शिडी म्हणजे क्रम. खुणेचे शब्द: आधी, मग, त्यानंतर, अखेर.
बाण म्हणजे कारण आणि परिणाम: कारण, म्हणून, त्यामुळे, परिणामी.
तराजू म्हणजे तुलना: परंतु, याउलट, त्यामानानं, दोन्हीही.
कुलूप-किल्ली म्हणजे प्रश्न आणि उपाय: अडचण, यावर, त्यासाठी.
छत्री म्हणजे वर्णन. वर एक विषय आणि खाली त्याच्या काड्या: उदाहरणार्थ, शिवाय, तसंच.

इथल्या पाण्याचाच विषय घेऊ. पहिला उतारा: "बुंदेलखंडातली बरीच जमीन खडकाळ आहे. उन्हाळा कडक असतो. जागोजागी जुने तलाव आहेत. अनेक तरुण कामासाठी बाहेर जातात." ही छत्री. चार गोष्टी सुट्या सुट्या आहेत.

दुसरा: "खडकाळ जमिनीत पाणी कमी मुरतं. त्यामुळे पाऊस चुकला की विहिरी लवकर आटतात. विहीर आटली की पीक हातचं जातं, म्हणून तरुण कामासाठी बाहेर जातात." हा बाण. माहिती जवळजवळ तीच, पण आता ती एकमेकांत अडकली आहे. एक कडी आठवली की पुढची आपोआप येते.

तिसरा: "पाऊस चुकला की गावाला पाणी पुरत नाही. यावर पूर्वीच्या राजवटींनी तलाव बांधले. आज अनेक तलाव गाळानं भरले आहेत. गाळ काढला तर पाणी साठेल." ही कुलूप-किल्ली. इथे वाचकानं लगेच विचारायला हवं की हा उपाय पुरेसा आहे का, खर्च कोण करणार. छत्रीच्या उताऱ्याला हा प्रश्न विचारायचा नसतो.

वर्गात हे करायची सोपी रीत अशी. एक उतारा वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, वाक्यावाक्यानं कात्रीनं कापा, पट्ट्या मिसळून चार-चार मुलांच्या गटाला द्या आणि जुळवायला सांगा. जुळवताना मुलं आपोआप 'म्हणून' आणि 'परंतु' शोधतात आणि भांडतातही. ते भांडण होऊ द्या, कारण तेव्हाच मुलं अर्थाबद्दल बोलत असतात. मग खुणेचे शब्द खोडून तोच खेळ पुन्हा खेळा. आता शब्दाच्या आधाराशिवाय संबंध ओळखावा लागतो. आणि एक सावधगिरी शिकवा: एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून ती दुसरीमुळे घडली असं होत नाही. शिडी आणि बाण यांत गल्लत करून रोज कितीतरी बातम्या लिहिल्या जातात.

हे का शिकवायचं

परीक्षेत गुण मिळतात हे खरं. सैन्याच्या, बँकेच्या परीक्षांत न पाहिलेले उतारे असतात आणि मांडणी ओळखणारा विद्यार्थी तिथे वेळ वाचवतो. पण त्याहून गंभीर कारण आहे.

समथरसारख्या गावातली पुष्कळ मुलं पहाटे अंधारात धावायला निघतात, कारण अग्निवीर व्हायचं आहे. अशा मुलांच्या मोबाइलवर 'नियुक्तीपत्र' म्हणून काहीतरी येतं. वर राजमुद्रा, खाली शिक्का, मजकुरात गोड भाषा आणि शेवटी पैसे कुठे पाठवायचे तो नंबर. मूल प्रत्येक शब्द वाचतं आणि फसतं, कारण सगळे शब्द ओळखीचेच असतात. ओळखायचा असतो तो प्रकार.

म्हणून आम्ही वर्गात भरतीची खरी अधिसूचना घेऊन बसलो. तिची रचना फळ्यावर उतरवली. वयोमर्यादा, शैक्षणिक पात्रता, अर्जाच्या तारखा, निवडीचे टप्पे, लागणारी कागदपत्रं, अधिकृत संकेतस्थळ. त्यात कोणाचं अभिनंदन नसतं आणि 'त्वरा करा' नसतं. सरकारी पत्राला क्रमांक असतो, तारीख असते, सही करणाऱ्याचा हुद्दा असतो. आणि परीक्षेआधी नियुक्ती देणारं पत्र हे रचनेच्याच विरुद्ध आहे, जसं रोपाच्या आधी फळ. दलालाला पैसे देऊन सैन्यात भरती होत नाही, हे मी त्यांना सांगतोच. पण माझं सांगणं त्यांच्याजवळ दर वेळी नसेल. कागद हातात घेऊन 'हे काय आहे?' असं विचारायची सवय मात्र जवळ राहील.

घरी काय करता येईल

आपले श्रोते अनेक राज्यांत आणि परदेशातही आहेत. नातवंडांचं मराठी कच्चं आहे, ही खंत बरेच जण कळवतात. त्यांच्यासाठी तर ही रीत फारच उपयोगी. नातीला कथा देण्याआधी पाककृती द्या. वर 'साहित्य', खाली 'कृती'. अर्धे शब्द अडले तरी तिला कळेल की वरच्या यादीत वस्तू आहेत आणि खाली करायच्या गोष्टी आहेत. 'परता', 'उकळा', 'ढवळा' यांचा अर्थ ती जागेवरून ओळखेल. तसंच लग्नपत्रिकेचं. वधू-वरांची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक हे कुठे असतं ते एकदा दाखवा, दुसरी पत्रिका ती स्वतः वाचेल. ओळखीच्या आकारामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ लागतो.

थोडी मोठी मुलं असतील तर एक वर्तमानपत्र पुरे. त्यातून बातमी, अग्रलेख, वाचकाचं पत्र आणि बातमीसारखी दिसणारी जाहिरात शोधायला सांगा. प्रत्येकाला विचारा: याला माझ्याकडून काय हवं आहे? बातमीला मी जाणून घ्यावं असं वाटतं, अग्रलेखाला मी पटवून घ्यावं असं वाटतं, जाहिरातीला मी खिशात हात घालावा असं वाटतं.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, ही नावं पाठ करून घेऊ नका. 'खालील उताऱ्याचा प्रकार ओळखा, दोन गुण' असं झालं की गाइडमध्ये त्याचंही उत्तर येईल आणि सगळं मुसळ केरात. दुसरी, प्रकार मिसळतात हे मोकळेपणानं सांगा. प्रवासवर्णनात इतिहास असतो, अग्रलेखात गोष्ट असते. मुलानं 'हे दोन्ही आहे' असं म्हटलं आणि कारण दिलं, तर ते उत्तर बरोबर माना. तिसरी, रचना म्हणजे सगळं काही नव्हे. शब्दसंग्रह आणि विषयाची माहिती लागतेच. बेतवा नदी कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला वेढ्याचा उतारा अर्धाच कळेल. नकाशाचा काठ वाचला तरी पुढे चालावं लागतंच.

या आठवड्यासाठी एक काम देतो. तुमच्या गावातली किंवा कुटुंबातली एक जुनी घटना निवडा. पूर असेल, दुष्काळ असेल, एखादी मोठी जत्रा असेल. त्यावर आजीची आठवण ऐका, जमल्यास जुन्या वर्तमानपत्रातली बातमी मिळवा आणि एखादा सरकारी कागद किंवा गाणं शोधा. तिन्ही मुलांसमोर ठेवा आणि विचारा: हे कोणी, कधी, कोणासाठी, कशासाठी सांगितलं? कोणत्या प्रश्नासाठी यातला कोणता कागद उघडायचा? मुलं काय उत्तरं देतात ते मला जरूर कळवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.